उलट्या वळणाचं खुरपं

सन १९५५. मी तेवीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, म्हणून ज्याले माझ्या लिहिण्यात चुका काढायच्या असतील त्यानं आपला वेळ घालवू नये.

नाचणगावाच्या बाजूले एका मालगुजाराचा, म्हंजे आमच्याकडल्या जमीनदाराचा, बंगला होता. मालगुजारी गेली, मालगुजारही गेला, आणि वारसांनी बंगला लोकांले पाहाले मोकळा केला. वाघाचं कातडं, बंदुका, ग्रामोफोन, चिनी मातीच्या बशा, सगळं मांडून ठेवलं. बाहेर बगीचा. तो बगीचा माझ्या बापानं तीस वर्षं राखला. गुलाब त्याचे, मोगरा त्याचा, संत्र्याची झाडं त्यानं पाठीवर पाणी वाहून जगवली. त्या उन्हाळ्यात बाप मेला आणि त्याच्या जागेवर मी लागलो.

बाप डावरा होता, सगळं काम डाव्या हातानं करे. त्याचं खुरपं लोहारानं मुद्दाम उलट्या वळणाचं घडवून दिलं होतं. आमच्या घरी रीत अशी की मेलेल्या माणसाचं अवजार पहिल्या दसऱ्याले घरच्या पूजेत मांडायचं, त्याच्याआधी कोणी हाती धरायचं नाई. म्हणून मी ते बगीच्यातल्या अवजारांच्या खोलीत खुंटीवरच राहू दिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी न्याले गेलो, तर खुंटी रिकामी.

खुरपं सापडलं दिवाणखान्यात. टेबलावर, मखमलीवर. मुठीले लाल रंग फासलेला. खुरप्याच्या मुठीले रंग कोण फासते? घाम लागला की हात घसरते, हे शेंबड्या पोराले कळते. पुढं पाटी: ‘मालक याच खुरप्याने स्वहस्ते बागेची मशागत करीत.’

स्वहस्ते! त्या माणसाच्या बुटाले माती लागली तर पुसाले वेगळा नोकर होता.

तिथले व्यवस्थापक साहेब पुण्याकडचे. नागपूरचे चार पाहुणे घेऊन तेच सांगून राह्यले होते. एक बाई म्हणाली, “एवढा मोठा माणूस, पण किती साधा!”

मले राहवलं नाई. “साहेब, ते माह्या बापाचं खुरपं व्हय. उद्या पूजेले पाह्यजे.”

“अरे, बागेतली सगळी अवजारं मालकांचीच.”

“मंग धरून दाखवा.”

“काय?”

“तुम्ही उजव्या हाताचे. धरा आन् निंदून दाखवा. त्या भिंतीवरल्या तसबिरीत पाहा, मालकाच्या उजव्याच हातात बंदूक हाय. मंग डाव्या हाताचं खुरपं त्यानं काऊन घडवलं?”

पाहुण्यांतला एक म्हातारा फसकन हसला. साहेबाचं तोंड टेबलावरल्या मुठीसारखं लाल झालं. पाहुणे गेल्यावर म्हणाले, “तिसरी शिकलेल्या माळ्याने मला इतिहास शिकवू नये. नोकरी हवी ना? मग उद्या सकाळी तसबिरीला झेंडूचा हार घेऊन ये. आणि तोंड बंद.”

घरी आईले सांगितलं. आई म्हणाली, “जाऊ दे बाबू, लोखंडच ते. नोकरी गेली तं खाशीन काय?” मी पाटावर विळा, कुदळ, कुऱ्हाड मांडून ठेवली आणि मधात बापाची जागा मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला हातभर जाड हार केला आणि तोंड बंद ठेवून गेलो. साहेबानं दार उघडलं. मी हार त्यायच्या हाती देल्ला.

“मी घालू?”

मी फक्त मान हलवली. साहेब स्टुलावर चढले, दोन्ही हात वर करून हार तसबिरीच्याच खिळ्याले अडकवाले लागले, तं हाराच्या वजनानं खिळाच हालला. मी टेबलावरचं खुरपं उचललं आणि चालाले लागलो. पाटी तिथंच राहू दिली, ती त्यायची होती.

“अरे ए! थांब! कुठे निघालास?” साहेब वरूनच ओरडले. हार सोडावा तर मालक जमिनीवर पडते, न सोडावा तर खुरपं जाते. त्यायनं हार धरून ठेवला.

विहिरीवर बसून मी विटेच्या तुकड्यानं मुठीवरचा लाल रंग घासून काढला, बापाच्या बोटांचे खड्डे दिसेपर्यंत. मंग घरी जाऊन पाटावरच्या मोकळ्या जागेत ठेवलं.