जोडीचा टाक

आमच्या घरात मी काही नीट केलं असेल तर ते त्या मशीननेच, असं माझा नवरा चिडवायचा. आता चिडवत नाही.

मशीन शिवणयंत्राएवढं, टेबलावर मावणारं. कॉम्प्युटरवर चित्र काढलं की ते कापून देतं. आधी मी त्यावर कागदाच्या जाळ्या आणि वाढदिवसाची अक्षरं कापायची. मग कोरायचं टोक आणलं, पातळ पत्रे आणले आणि दारावरच्या पाट्या करायला लागले. शहापूरला आमच्या आळीत निम्म्या दारांवर माझ्याच पाट्या आहेत. मुरबाडला माहेरी गेले तरी माझी पाटी असलेल्या दारासमोरून मुद्दाम जायची. गर्व होता, खोटं कशाला बोलू.

सासरे गेले त्याला वर्ष होत आलं होतं. आमच्याकडे वर्ष झालं की गेलेल्या माणसाचा टाक देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे दोन-तीन बोटं रुंद पत्रा, त्यावर माणसाची आकृती. त्या दिवसापासून ते माणूस देवांत जमा, त्याला रोज गंध आणि नैवेद्य. हे टाक आजवर सोनाराकडून ठोकून आणायचे. मी म्हटलं, सोनार कशाला, मीच करते.

सासूबाई भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "जमंल तर कर गो. त्यांना तुझ्या पाट्यांचं लय कवतिक होतं."

खरंच होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आत आणायचे आणि मशीन दाखवायचे.

नमुना म्हणून मी देव्हाऱ्यातला आजेसासऱ्यांचा टाक घेतला. चिंचेने घासला, मोबाइलवर फोटो काढला. पूजा करून करून त्याच्या रेषा झिजल्या होत्या. दोन दिवस मी त्या एकेक करून उचलल्या. पागोटं, धोतराच्या निऱ्या, शेजारच्या बाईचा पदर. बाईची नथ पार पुसली गेली होती, ती मी स्वतःच्या मनाने ठळक काढली. सासऱ्यांच्या मिशा तेवढ्या त्यांच्या फोटोवरून घेतल्या. मग तांब्याचा पातळ पत्रा चिकट मॅटवर बसवला, कडा टेपने दाबल्या आणि टोक कुरकुरत फिरायला लागलं. कोरून झाल्यावर पातं लावलं. एकाच रेषेवरून वीसेक वेळा फिरलं तेव्हा कुठे पत्रा सुटला. मी तो पुसून खिडकीत उजेडाला धरला. फार सुंदर झाला होता. आणि त्यावर दोन माणसं होती.

आमच्या देव्हाऱ्यातले सगळे टाक जोडीचे, कारण त्यातले नवरे गेले तशा बायकाही कधीच गेल्या. ज्याची बायको मागे राहिली असेल त्याचा टाक एकट्याचा करतात. ती गेली की तो मोडून जोडीचा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. पण मी दोन दिवस नुसत्या रेषा बघत होते.

निदान तेव्हा तरी अक्कल चालवून तो कचऱ्यात टाकायचा. पण सासऱ्यांचा चेहरा इतका छान उतरला होता की जीव होईना. म्हटलं, बाईचा भाग तेवढा कापू आणि कड घासून घेऊ. कातर मधोमध लावली आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "काय कापतेस?"

त्यांनी टाक माझ्या हातून घेतला. डोळ्यांजवळ नेला. मी आपली बडबडत होते, चुकलं आई, दुसरा करते, आत्ता होईल. त्यांचं लक्षच नव्हतं. अंगठा त्या बाईच्या तोंडावरून फिरवत होत्या.

"नथ घातलीस गो मला," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांच्या दहाव्याला त्यांची नथ काढली होती. चार बायकांनी धरून. त्या चारांत मीही होते.

मी लगेच दुसरा, एकट्या सासऱ्यांचा टाक करून पुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. "हाच बसव," म्हणाल्या.

"आई, तुमी आमच्यात हायात ना अजून!"

"हाय ना. मग काय झालं?"

नवरा संध्याकाळी आसनगावच्या गाडीने घरी आला. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, तिचं मन नको मोडू. वर्षाच्या दिवशी तोच टाक बसवला. हळदी-कुंकवाने माखल्यावर त्यावर किती माणसं आहेत ते कोणालाच कळलं नाही.

त्यानंतर सासूबाई रोज स्वतः नैवेद्य दाखवायला लागल्या. वाटीत चमचाभर भात, वर वरण. तो दाखवायचा, मग तेवढाच प्रसाद म्हणून खायचा. जेवायला हाक मारली की म्हणायच्या, "आमचं दोघांचं झालं." पहिल्यांदा मी हसले. पंधरा दिवसांनी त्यांच्या चोळीच्या बाह्या दंडावर सैल लोंबायला लागल्या तेव्हा हसू गेलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खायला घाला. मी तांदळाची भाकरी केली, सुकटीची चटणी केली, नाचणीची आंबील केली. ताट समोर ठेवलं की त्या हात जोडायच्या.

एक दिवस माझं डोकंच फिरलं. देव्हाऱ्यातून तो टाक काढून त्यांच्यापुढे आपटला आणि ओरडले, "ही तुमी नाय! हे माझ्या मशीननं केलंय, माझी चूक हाय ही!"

त्यांनी टाक उचलला, पदराने पुसला, जागेवर ठेवला. "चूक कसली गो," म्हणाल्या. "घरात मला पांढऱ्या कपाळानं फिरायला लागतं. हितं बरी हाय मी."

मला तेव्हा त्यांच्या कपाळाला कुंकू लावता आलं असतं. कोण काय म्हणेल ते म्हणेल. डबी हाताशीच होती. पण मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दसऱ्याच्या आधी त्या गेल्या.

यंदा त्यांचं वर्ष झालं. चुलत सासरे पाटावर बसले आणि विचारलं, "टाक तयार हाय ना?"

"कवाच झालाय," नवरा म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

मी नैवेद्याचं पान वाढायला घेतलं. दोन भाकऱ्या, डाळ, सुकी भाजी. आणि भात, आई पूर्वी जेवायच्या तेवढा.