खिळेमामा

झाड तोडायला आले की खिळेमामा आधी झाडाकडे पाहायचेच नाहीत. घरातली सगळ्यात म्हातारी बाई शोधायचे. ती चुलीपाशी असो की देवापुढे, तिला अंगणात बोलावून घ्यायचे, ओट्यावर बसवायचे आणि विचारायचे, "माय, या झाडाले आजवर काय काय ठोकलं?" तोवर मशीन पोत्यात गुंडाळलेली. घरमालक उतावीळ झालेला, पण मामा आपले मांडी घालून ऐकत बसलेले. म्हणून तर अमरावतीत त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारा कुणालाही, खिळेमामाच.

आता हे मी कौतुकानं सांगतो आहे, पण मामा म्हणजे माझ्या धंद्याचा शत्रू. माझं फवारणी पंप, गवत कापायच्या मशिनी आणि चेन सॉ विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. झाडात खिळा असला आणि फिरती चेन त्यावर गेली की चेनचे दात उडतात, कधी चेनच तुटते आणि गिऱ्हाईक तोंड पाडून माझ्या दारात येतं. झाडात गाडलेल्या खिळ्यांवर माझं घर चाललं आहे म्हणाना! बाकीचे झाडतोडे दर थोड्या दिवसांनी नवी चेन न्यायचे. मामा मात्र यायचे ते फक्त ऑइल न्यायला आणि कानस बदलायला. दात घासून घासून चेन अगदी बारीक होईपर्यंत वापरायचे. मी म्हणायचो, "मामा, तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं असती तर मी दुकानात लसूण विकला असता." ते म्हणायचे, "विक ना मंग. लसूण तुटत नाई."

त्यांच्या दंडावर कोपरापासून वर गेलेला एक जाड व्रण होता. तरुणपणी कुणाच्या तरी शब्दावर विसंबून त्यांनी मशीन लावली होती. आत झोपाळ्याची लोखंडी कडी निघाली. तुटलेली चेन दंडावरून गेली. डोळ्यावरूनही गेली असती. त्या दिवसापासून ते विचारल्याशिवाय मशीन सुरू करत नसत. "मशीनले डोये नसतात जी," ते म्हणायचे. "अन् झाडाले तोंड नसते. विचाराचं काम माणसाचंच."

पण बाईलाच का विचारायचं? यावर त्यांचं पक्कं मत होतं. बाप्या माणूस खिळा ठोकतो आणि विसरतो. कपड्याची तार, म्हशीची दावण, लग्नातली लायटिंग, निवडणुकीचा बोर्ड, सगळं त्यानंच ठोकलेलं. पण रोज सकाळी त्या झाडाखालचं झाडून काढणारी जी असते, तिच्या बरोबर ध्यानात राहतं. खिळा सालीनं गिळला की बाहेरून दिसत नाही. मात्र मामा सांगायचे, "झाड वर वाढते, खिळा जागीच राह्यते. कमरेएवढा ठोकला, त म्हातारपणीबी कमरेएवढाच भेटते." म्हातारी नुसता हात करून उंची दाखवायची, मामा तिथं खडूनं फुली मारायचे आणि ती जागा सोडून मशीनची पट्टी लावायचे.

अचलपुरात एका घरी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, नवी मशीन चालवून दाखवायला. मामांनी प्रश्न विचारला आणि दोन म्हाताऱ्या जावांची जुंपली. एक म्हणे खिळा तुझ्या नवऱ्यानं ठोकला, दुसरी म्हणे तुझ्या भावानं, पाहुणा म्हणून आला आणि आमच्या आंब्याला भोकं पाडून गेला. तिथून गोष्ट कुणाच्या लग्नात कुणाला साडी कमी आली इथवर गेली. मी कपाळावर हात मारला. मामांनी मात्र दोघींचंही ऐकून घेतलं, दोन फुल्या मारल्या आणि फांदी उतरवून दिली. परतताना म्हणाले, "संत्र्याच्या बागेत सल काढाले जातो न, तठी लय करमत नाई. वाळल्या फांद्या कापा, बोर्डो पेस्ट लावा, घरी या. बोलालेच कोनी नसते."

मग आमच्याच घरची पाळी आली.

आमच्या अंगणात जुना निंब होता. उन्हाळ्यातल्या एका वादळात तो शेजारच्या घराकडे कलला. एका बाजूची माती उलली, मुळं वर आली. खाली शेजाऱ्यांचं टिनाचं छप्पर आणि त्या छपराखाली त्यांच्या तान्ह्या नातीचा पाळणा. आणखी एक वारं आलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. परवानगीचा कागद मिळताच मी मामांना बोलावलं.

मामांनी आईला ओट्यावर बसवलं. "माय, या झाडाले काय ठोकलं हाय?"

"काई नाई," आई म्हणाली. प्रश्न संपायच्या आत.

"आठवून पाय. तार? झुला?"

"काई नाई म्हनलं न. अन् झाड तोडाचं नाई." ती उठली आणि आत निघून गेली.

मामांनी मशीन पुन्हा पोत्यात गुंडाळली. माझा पारा चढला. "मामा, नाही म्हणाली ना ती! लावा मशीन."

"बुढी खोटं बोलून राह्यली."

"माझी आई खोटं बोलत नाही!"

"मंग तिले काहून भेव वाटून राह्यलं?" एवढं बोलून ते सायकलवर बसून गेले. मी आत जाऊन आईवर ओरडलो. म्हटलं, शेजारच्या लेकराची तुला काहीच पडली नाही का, झाड मोठं की लेकरू?  आई भाकरी थापत राहिली, आणि थापता थापता ती भाकरी परातीतच फाटली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात असताना मामा आले. आईशी काय बोलले देव जाणे. संध्याकाळी घरी आलो तर अंगणात लख्ख उजेड. निंबाचा सगळा डोलारा दोर लावून उतरवलेला, शेजाऱ्यांच्या छपराला ओरखडा नाही. फक्त छातीएवढं खोड उभं होतं, आणि आई मामांना पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात चहा देत होती.

"हे काय मधेच ठेवलं?" मी विचारलं.

"खाली लोखंड हाय. चेन तुटते."

"मी देतो ना चेन! फुकट देतो!"

"चेन देशीन बाप्पा. हात कोठून आनशीन?" दंडावरचा व्रण दाखवून मामा चहा फुरकायला लागले. 

ते खोड आमच्या अंगणात तसंच राहिलं. पावसाळ्यात त्याला पालवी फुटली. आई रोज त्याच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायची. मी येताजाता त्यावर स्कूटर धडकवायचो आणि मामांच्या नावानं बोटं मोडायचो. बायकोला तिथं गाडी लावायला जागा हवी होती. पण मामांकडे विषय काढला की एकच उत्तर, "चेन तुटते." मशिनी विकणाऱ्या माणसाच्या अंगणात अर्धवट तोडलेलं झाड! गिऱ्हाइकं हसायची.

मागच्या वर्षी आई गेली. मामा तेरवीला आले, जेवले आणि गेले. तोवर त्यांचेही हात गेलेच होते. वर्षानुवर्षं मशीन धरून बोटांना सतत मुंग्या यायच्या, सकाळी कप धरवत नसे. चांदूर रेल्वेला लेकीकडे कायमचं जायचं त्यांनी ठरवलं. जायच्या आधीच्या रविवारी सकाळी मशीन खांद्यावर टाकून माझ्या दारात उभे. म्हटलं, विकायला आणली असेल.

"नाई रे. राह्यलेलं काम करून देतो. ते खोड काढतो."

मी चाटच पडलो. "आता? अहो, चेन तुटते ना?"

"माहीत हाय न मले खिळा कोठी हाय. चेन कायले तुटते? एकच त हाय." मामा ओट्यावर बसले, आई बसायची त्याच जागी. "तुह्या मायनं ठोकला हाय तो. तुह्याआधीचे दोन लेकरं पाळण्यातच गेले, ठाऊक हाय न तुले? तू पोटात होता तवा कोनी तरी सांगतलं, निंबाले खिळा ठोक, लेकरू टिकते. भर दुपारी, घरात कोनी नसताना, पाट्यावरच्या वरोट्यानं ठोकला तिनं. सासूले नाई सांगतलं, तुह्या बापालेबी नाई. मले सांगतलं, ते बी माह्या पायाले हात लावून. म्हने, भाऊ, झाड तोड, शेजारचं लेकरू वाचव, पन माह्या पोट्ट्याले हात नको लावू."

आधीच्या दोघांबद्दल मला माहीत होतं, पण आमच्या घरात ते कुणी बोलत नसे. 

"मामा, तुमचा आहे यावर विश्वास?"

"माह्या कायचा विश्वास? लोखंड हाय ते. गंजून गेलं असन."

"मग तेव्हाच का नाही काढलं? मला काय होणार होतं?"

"तुले काईच झालं नसतं रे, पोट्ट्या," मामा म्हणाले. "पन खोड काढल्यावर तुले साधा ताप जरी आला असता न, त बुढीनं जीव सोडला असता."

मला रडू फुटलं. लाज कशाची? पन्नाशी उलटलेला माणूस भर अंगणात लेकरासारखा रडलो. ज्या दिवशी मी तिला शेजारच्या लेकराचं विचारत होतो, त्या दिवशी ती स्वतःच्या लेकराला धरून बसली होती.

मामांनी मला पुरतं रडू दिलं. मग उठले, एक पाय मशिनीवर ठेवला आणि मुंग्या आलेल्या हातानं दोरी ओढली. मशीन सुरू झाली.

"बोल, काढू काय आता?" आवाजावर आवाज चढवून त्यांनी विचारलं.

मी हातानंच नको म्हटलं.