अडतीसचा साचा

ऑर्विल स्कारला मी ओळखायला लागलो ते शिशामुळे. माझं टायरचं दुकान. गाडीचं चाक समतोल राहावं म्हणून कडेला शिशाचे छोटे तुकडे ठोकतात. टायर बदलला की ते निघतात, आणि आमच्याकडे ते एका बादलीत साठतात. ऑर्विल दर महिन्याला यायचा आणि विचारायचा, "लाइल, बादली भरली का?" त्या शिशाच्या तो घरी गोळ्या ओतायचा. पिस्तुलाच्या.

आमच्याकडे उत्तर मोंटानात हे काही नवल नाही. हिवाळा लांब असतो, आणि दर गुरुवारी संध्याकाळी क्लबाच्या तळघरात कागदी निशाणांवर नेमबाजी चालते. विकतच्या गोळ्या इतक्या उडवणं कुणाला परवडणार? म्हणून कोणी ना कोणी ओततंच. फक्त ऑर्विल ओतायचा तशा गोळ्या कुणाच्याच नसायच्या.

तो जन्मभर रेल्वेलाइनजवळच्या धान्याच्या कोठारावर होता. गव्हाचा ट्रक आला की मूठभर दाणे तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहायचा, मग बोलायचा. सगळ्याच बाबतीत असा. बूट घ्यायचे तरी दोनदा दुकानात जाऊन परत यायचा. त्याची बायको बर्नडीन म्हणायची, "मला मागणी घालायला यानं दोन उन्हाळे घेतले. तिसऱ्याला मीच विचारलं."

त्याचा जोडीदार मर्ल डोहर्टी. हा रेल्वेचा रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम होता. बोलका, टवाळ, मोठ्या आवाजाचा. शनिवारी सकाळी ऑर्विलच्या शेडमध्ये दोघं बसायचे. बाहेर कितीही गारठा असो, धुरासाठी दार सताड उघडं. ऑर्विल पळीनं वितळलेलं शिसं साच्यात ओतायचा. ते थिजलं की मर्ल लाकडी दांडक्यानं साच्यावर टिचकी मारायचा, साचा उघडायचा आणि चकचकीत गोळ्या जुन्या टॉवेलावर पाडायचा. दोन माणसांचं कामच नाही ते खरं म्हणजे. एकटा माणूस करतो. पण ह्या दोघांनी ते दोघांचं करून ठेवलं होतं.

मर्लचं रिव्हॉल्व्हर त्याच्या बायकोचं, ज्यूनीचं होतं. अडतीसचं म्हणतात ते, बारीक नळीचं. ज्यूनी आमच्या क्लबातली सगळ्यात चांगली नेमबाज होती. ती गेल्यावर मर्लनं स्वतःचं पिस्तूल भाच्याला देऊन टाकलं आणि तिचंच वापरायला लागला. नेम काही त्याला तिच्यासारखा जमला नाही. गुरुवारी निशाणाचा कागद जवळ आणून बघायचा आणि म्हणायचा, "ज्यूनी, तुझं डोकं फिरलं असतं हे बघून."

ऑर्विलकडेही जुनं अडतीसच होतं, त्यामुळे साचा एकच लागायचा. लोखंडी, सपाट तोंडाच्या गोळीचा. ती गोळी कागदाला कसं भोक पाडते! पंचिंग मशीननं पाडल्यासारखं, गोल आणि स्वच्छ.

मग एका नोव्हेंबरात मर्लच्या हातून तो साचा पडला. सिमेंटच्या जमिनीवर, कोपऱ्यावरच. टवका उडाला. पुढच्या सगळ्या गोळ्यांना एका बाजूनं पातळ शेपूट यायला लागलं. ऑर्विलनं साचा उचलून उजेडाकडे धरला, पाहिला आणि खाली ठेवला. मर्लला त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. शिव्या खाऊन मर्ल मोकळा झाला असता.

नवीन साचा निवडायचा. आता हे ऑर्विलचं काम, म्हणजे हिवाळा त्यातच जाणार हे आम्हाला ठाऊक होतं. माझ्या दुकानात काउंटरवर कॅटलॉग पसरून उभा राहायचा. लोखंडाचा घ्यावा तर जड, आणि मनगटं आता पूर्वीची नाहीत. ॲल्युमिनियमचा हलका, लवकर तापतो, पण जपून वापरावा लागतो. पितळेचा सुंदर, पण त्याहून जड. दोन घरांचा घ्यावा की सहा घरांचा? एकावेळी सहा गोळ्या पडतात हे खरं, पण सगळी घरं सारखी तापली पाहिजेत. मर्ल शेजारी कॉफी पीत उभा असायचा.

"अरे बाबा, लग्न करायचंय का तुला त्याच्याशी?" मर्ल म्हणायचा.

"तू गप रे."

"बर्नडीनला सांगू का? दुसरी आणतोय म्हणून?"

आम्ही हसायचो. पण त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट झाली होती. कोठारावरून निवृत्त झाल्यावर ऑर्विलनं स्वतःला एक पंचेचाळीसचं पिस्तूल घेतलं होतं. जाड नळीचं, जड, फार सुरेख. क्लबातली चार तरुण पोरं ग्रेट फॉल्स शहरात स्पर्धेला जायची, तिथे सगळे पंचेचाळीसच वापरायचे. ऑर्विलचा हात बघून त्यांनी त्याला आपल्या टोळीत ओढलं. उतारवयात माणसाला कुणी असं बोलावलं की काय वाटतं, ते मला कळतं.

अडतीसची गोळी पंचेचाळीसला चालत नाही. दोघांना दोन वेगळे साचे लागतात. आणि ऑर्विल एकच निवडत होता.

जानेवारीत एका सकाळी तो कॅटलॉगवर बोट ठेवून उभा होता. पंचेचाळीसच्या पानावर. मर्ल नेहमीच्या जागी.

"मर्ल, काय म्हणतोस?"

मर्लनं पानाकडे बघितलंही नाही. "तुझं तू बघ. जुना मी पाडला. मला विचारायचं काय त्यात?"

"तसं नाही. तुझ्या अडतीसचं काय, म्हणतोय मी."

"माझं काय? माझे डोळे गेलेत आता. ज्यूनीच्या नावाला बट्टा लावत बसलोय नुसता." आणि हसला. "घे रे तुला हवा तो. पोरं वाट बघतायत तुझी."

मी टायरला हवा भरत होतो. मान वर केली तर मर्ल कॉफीच्या पेल्यात बघत होता, आणि पेला रिकामा होता. ऑर्विलनं ते पाहिलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही. पुढे त्यानंच मला सांगितलं. पाहिलं होतं. पण अडतीसचा नंतर मागवू, उन्हाळ्यात, असं स्वतःला सांगून त्यानं फॉर्म भरला.

साचा आला. पंचेचाळीसचा, चार घरांचा, पितळेचा. मर्ल शनिवारी आला. ऑर्विल ओतायचा, मर्ल टिचकी मारायचा, गोळ्या टॉवेलावर पडायच्या. थट्टाही चालायची. पण त्या ढिगातली एकही गोळी मर्लची नव्हती. बर्नडीन दुपारी सँडविच घेऊन गेली की मर्ल हात घासूनघासून धुवायचा आणि तिला म्हणायचा, "बघ, तुझ्या नवऱ्याचा नोकर झालोय मी." तिलाही हसू यायचं.

फेब्रुवारीत एका शनिवारी घर गरम ठेवायची भट्टी बिघडली म्हणून मर्ल आला नाही. पुढच्या वेळी दाढ दुखत होती. मग भाच्याच्या गाई व्यायला आल्या होत्या. गुरुवारी क्लबातही दिसेना. भांडण म्हणावं तर काहीच नाही. पोस्टात भेटले की पाठीवर थापा मारायचे. "कशी आहे तुझी टोळी?" "चाललंय. ये की शनिवारी." "येतो, येतो."

त्या वसंतात ऑर्विलच्या टोळीनं ग्रेट फॉल्सला पहिला नंबर काढला. स्थानिक पेपरात फोटो आला, मधोमध ऑर्विल. मर्लनं माझ्याकडून तो पेपर मागून नेला. उन्हाळा आला. ऑर्विलनं दुसरा साचा मागवला नाही. स्पर्धा होत्या, प्रवास होता, शिवाय मर्लनं तोंडानं कधी मागितलाच नाही.

सप्टेंबरात मर्लची मुलगी कॉलीन स्पोकेन शहरातून आली आणि त्याला आपल्याकडे घेऊन गेली. घरात एकटा असताना तो दोनदा जमिनीवर कोसळला होता. घर विकलं गेलं. ऑर्विल त्या वेळी स्पर्धेला बाहेरगावी होता. परत आला तर मर्लच्या खिडक्यांना दुसऱ्याचे पडदे.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. कॅटलॉग उघडला, अडतीसच्या पानावर गेला, सपाट तोंडाचा दोन घरांचा साचा दाखवला आणि म्हणाला, "फोन दे जरा." तिथूनच मागवला. हा तो माणूस, ज्याला त्यासाठी अख्खा हिवाळा लागायचा.

"लोखंडी की ॲल्युमिनियम?" मी विचारलं.

"कुठलाही. लवकर येईल तो."

मग तो एकट्यानं ओतत बसला. बर्नडीन सांगते, पहिला दिवस सगळा वाया गेला. एका हातात पळी, दुसऱ्या हातात साचा, आणि टिचकी कुठल्या हातानं मारायची हेच त्याला कळेना. इतक्या वर्षांत ते काम त्यानं कधी केलंच नव्हतं. शेवटी जमलं. एक जड डबा भरला. पहिला बर्फ पडायच्या आत डोंगर ओलांडून तो स्पोकेनला निघाला. जाताना टायर बघायला माझ्याकडे थांबला, डबा शेजारच्या सीटवर.

परत आल्यावर तिथे काय झालं ते त्यानं मला सांगितलं. त्याला सांगायचं होतं कुणाला तरी, आणि बर्नडीनला सांगवत नव्हतं.

कॉलीननं दार उघडलं. मर्ल खिडकीत बसला होता, बारीक झालेला. ऑर्विलनं डबा त्याच्या मांडीजवळ ठेवून झाकण काढलं. मर्लनं एक गोळी उचलली, तिच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं.

"छान उतरल्यात रे. एकट्यानं केल्यास?"

"हो."

"सुरकुती पण नाही कुठे. मग माझी गरज काय होती तुला?" आणि हसला, पूर्वीसारखा, पण हसण्यातून खोकलाच आला.

ऑर्विल म्हणाला, "तुझं रिव्हॉल्व्हर काढ. इथे क्लब असेल कुठे. मी नेतो तुला."

मर्लनं गोळी डब्यात परत ठेवली. "कॉलीनकडे लहान मुलं आहेत. घरात नको म्हणाली ती. बरोबर आहे तिचं. येतानाच विकलं मी, एका दुकानदाराला. ज्यूनीचं होतं म्हणून सांगितलं त्याला. तो म्हणाला, हो का."

ऑर्विलनं डब्याला झाकण लावलं. मग म्हणाला, "तू सांगायचंस ना मला."

"काय सांगू? मीच पाडला होता साचा." मर्ल खिडकीबाहेर बघत होता. "वाट मात्र पाहिली मी. शनिवारी यायचो तेव्हा वाटायचं, आज शेडमध्ये दुसऱ्या साच्याचा खोका दिसेल. येडा होतो."

"येडा मी होतो."

"असशील. कॉफी घेतोस?"

कॉलीननं कॉफी आणि भोपळ्याची गोड पेस्ट्री आणली. दोघांनी खाल्लं. गव्हाच्या भावावर बोलले, रेल्वेनं आमच्या गावातली गाडी बंद केली त्यावर बोलले. निघताना मर्लनं डबा त्याच्या हातात दिला. "घेऊन जा. इथे मुलं तोंडात घालतील."

त्या वर्षी ऑर्विलनं टोळी सोडली. पोरं समजवायला आली, तर खांदा दुखतो म्हणाला. खांदा दुखतही होता, खोटं नाही. तो रविवारी मर्लला फोन करायचा. सुरुवातीला खूप बोलायचे, नंतर मर्ल लवकर दमायला लागला, मग कॉलीनच फोन घ्यायची आणि बाबा झोपलेत म्हणायची. मार्चमध्ये मर्ल गेला. रस्ते बर्फानं बंद होते, ऑर्विलला मातीला पोचता आलं नाही.

माझ्याकडे तो अजून येतो. शिसं नेत नाही. उन्हाळ्यात काउंटरजवळ उभा राहतो, कॉफी घेतो, ट्रक मोजतो. एकदा एक नवा माणूस दुकानात विचारत होता की घरी गोळ्या ओतायला कुठला साचा घ्यावा, लोखंडी की पितळी. मी ऑर्विलकडे पाहिलं. त्याच्याइतकं ह्यातलं दुसऱ्या कुणाला कळतं?

ऑर्विलनं त्या माणसाला विचारलं, "बरोबर कोण असतं तुझ्या?"

त्या माणसाला प्रश्न कळला नाही. एकटाच असतो, म्हणाला. मग ऑर्विलनं त्याला हलका, दोन घरांचा घ्यायला सांगितला, कॉफीचा पेला धुतला आणि घरी गेला.