चोरबटणवाले मिस्त्री

मूर्खपणा सगळेच करतात, माझा मात्र यमक जुळवून केलेला होता. चाळीस बायांसमोर, पदर सावरून, खणखणीत आवाजात मी नवऱ्याचं नाव घेतलं आणि त्याच दमात आमच्या जीपचं गुपितही सांगून टाकलं. बाया हसल्या, टाळ्या पडल्या. म्हणून मी तोच उखाणा पुन्हा एकदा म्हणून दाखवला.

पण लिहायचं आहे ते माझ्याबद्दल नाही. ते गुपित ज्यांनी आमच्या जीपमध्ये बसवलं, त्या मिस्त्रींबद्दल लिहायचं आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. माझ्यामुळे त्या नावाला एकदा डाग लागला, तेवढा पुरे.

जानेफळात तेलघाणीला लागून त्यांचं टिनाचं शेड होतं. अंगानं किडकिडीत माणूस, खाकी हाफपँट, कानामागे पेन्सिल. मोटारीचं इंजिन कानानं तपासायचे. वैद्यानं नाडी धरावी तशी मान वाकडी करून डोळे मिटायचे. असा कारागीर तुमच्याही गावात असेल. पण आमच्या मिस्त्रींची एक खोड त्याच्यात नसेल. कामाला हात घालायच्या आधी ते फडक्याला हात पुसायचे, जमलेल्या सगळ्यांकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "तोंडं फिरवा."

सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. ड्रायव्हरनं, बघ्यांनी, गाडीच्या मालकानंसुद्धा. भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं राहायचं, मगच मिस्त्री गाडीखाली शिरणार.

कापसाच्या जिनिंगचे शेठ एकदा चिडले. "मिस्त्री, अहो, गाडी माझी आहे!"

"म्हणूनच त फिरवा म्हणून राह्यलो, शेठ. दुसऱ्याची असती त तुमाले बाहीरच काढलं असतं."

शेठनी भिंतीवरची बियाण्यांची जाहिरात तीनदा वाचली, तेव्हा काम संपलं.

काम काय, तर चोरबटण. तेव्हा महाराष्ट्र नुकता झाला होता आणि आमच्या भागात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पण गाडी थोडी आणि तिच्यावर डोळे फार, अशी गत. जुन्या गाड्यांच्या किल्ल्या म्हणजे नुसता मान; दोन वायरी ओढून जोडल्या की गाडी चालू. मिस्त्री काय करायचे, किल्लीकडून इंजिनाकडे जाणारी वायर मध्येच तोडायचे आणि तिथं एक बटण बसवायचे, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं. ते बंद असलं की किल्ली फिरवा, वायरी जोडा, हँडल मारा, इंजिन नुसतं घरघरायचं, पेटायचं नाही.

आता माझ्या नातवाच्या गाडीत कसलंसं यंत्र आहे. गाडी कुठं उभी आहे ते त्याला मोबाईलवर दिसतं, आणि कुणी पळवली तर बसल्या जागी इंजिन बंद करता येतं म्हणे. परवा हे सगळं मला कौतुकानं दाखवलं आणि वर म्हणाला, "पासवर्ड मात्र तुला सांगणार नाही हं, आजी." पोरगा शहाणा आहे.

काम झालं की मिस्त्री मालकाच्या कानात जागा सांगायचे आणि बाजूला होऊन मोठ्यांदा म्हणायचे, "झालं. आता मी विसरलो." लोक हसायचे. बसवणारा कुठं विसरतो? पण मिस्त्री ते अगदी व्रतासारखं पाळायचे. शेठ आजारी पडले, अंथरुणाला खिळले, आणि त्यांच्या पुतण्याला गाडी काढायची होती. तो शेडवर येऊन गयावया करायला लागला.

"मले नाही आठवत, बाप्पा. शेठले इचारा."

"त्यांच्या तोंडून शब्द नीट निघत नाही हो, मिस्त्री!"

तेव्हा मिस्त्री स्वतः त्याच्याबरोबर शेठच्या घरी गेले, शेठना उशीला टेकवून बसवलं, पुतण्याचा कान त्यांच्या तोंडाजवळ नेला, आणि स्वतः जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ही हकिगत गावात सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक असून काय उपयोग झाला, ते पुढे येईलच.

मी खामगावची, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, जानेफळ हे माझं कौतुक करायला वसवलेलं गाव आहे. त्यात सासरी जीप! मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लष्कराच्या लिलावातून आणलेली. आठवड्याला तिच्यातून आमची वांगी-मिरची मेहकरच्या बाजारात जायची आणि गाडी चालवणाऱ्या नवऱ्याच्या डाव्या बाजूला, मखरातल्या देवीसारखी, मी बसायची. किल्लीऐवजी चमच्याचा दांडा घातला तरी ती चालू व्हायची. मेहकरच्या बाजारातून कुणाची तरी गाडी गेल्याचं कानावर आलं तसे मामंजी घाबरले आणि मिस्त्रींना बोलावणं गेलं.

अंगणात मामंजी, सासूबाई, आमचे हे, दोन गडी, सगळे गोठ्याकडे तोंड करून उभे. मी फिरले नाही. ओसरीच्या दारामागून बघत होते. मिस्त्रींनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"वहिनीनं पाह्यलं त चालते," ते म्हणाले. "त्यायले तसंही सांगाचंच होतं."

मामंजी पाठमोरेच गुरगुरले, "सुनेला कशाला?"

"त्या संगं बसतेत गाडीत, पाटील. तुम्ही कानं झाका आता, मी बोलून राह्यलो."

मामंजींनी खरंच कानांवर हात ठेवले. सासूबाईंनीही ठेवले. गड्यांनी तर डोळेसुद्धा मिटले. मिस्त्रींनी ह्यांच्या कानात जागा सांगितली आणि मग दाराशी येऊन मला हळूच म्हणाले, "बटन डाव्या सीटखाली हाय, हत्यारांच्या डब्यामांगं; उजव्या सीटखाली पेट्रोलची टाकी, तिथं ठिणगी नेता येत नाही."

"अन् बाईमाणूस गुपित ठेवते," मिस्त्री मला म्हणाले. "माह्या बायकोनं आजून मले तिचं वय सांगतलं नाही. झालं. आता मी विसरलो."

म्हणजे जागा ठाऊक असलेली माणसं तीन. आमचे हे, मिस्त्री आणि मी.

संक्रांतीनंतर देशमुखांकडे हळदीकुंकू होतं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून मी एकटीच गेले. एकेकीचे उखाणे सुरू झाले. तीच महादेवाची पिंड, तेच चांदीचं ताट. माझी मॅट्रिक आतून ढुशा देत होती. असं काहीतरी म्हणावं की गाव चाट पडावं! माझी पाळी आली आणि मी म्हटलं,

"किल्ली फिरवा सतरांदा, जीप दाद नाही देत,
डाव्या गादीखालचं बटण दाबून माधवराव मला माहेरी नेत."

काय हशा पिकला! देशमुखीणबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "वा वं पोरी! आता आमाले उखाने शिकोशीन तू!" मी लाजल्यासारखं केलं आणि पुन्हा म्हटला. पुढचे आठ दिवस विहिरीवर पोरी तो उखाणा घोळवत होत्या, आणि मी पाणी भरायचं काम नसतानाही घागर घेऊन तिकडे जात होते. ऐकायला.

तिसऱ्या आठवड्यात मेहकरच्या बाजारातून भरदुपारी जीप गेली. आम्ही दोघं मिरची उतरवून बांगड्यांच्या दुकानात शिरलो होतो. परत आलो तर जागा रिकामी. रस्त्यात तेवढी एक गादी पडलेली. डाव्या सीटची. घाईत उचलून फेकलेली.

हे धावत लोकांना विचारत सुटले. मी त्या गादीकडे बघत उभी राहिले. मला सगळं कळलं होतं.

घरी आल्यावर मामंजींनी हिशेब मांडला. "तिघांना ठाऊक. माझा मुलगा सांगणार नाही. सून तर नवी, ती बिचारी बोलते कुणाशी?" सगळ्यांनी माझ्याकडे प्रेमानं बघितलं. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "राहिला कोण?"

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. चाळीस बायांसमोर दोनदा म्हणता येतं, पण घरातल्या तिघांसमोर एकदा म्हणता येईना. सासर म्हणजे काय, मामंजी म्हणजे काय, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण इतकंच, की मला हुशार म्हणवून घ्यायची सवय लागली होती. आणि त्या चाळीसजणी? पुरुषांच्या कानावर घालायचं तर आधी आपणही ऐकलं हे सांगावं लागणार. प्रत्येकीनं आपापलं दार लावून घेतलं.

फौजदारांनी मिस्त्रींना दोन दिवस बोलावून बसवून ठेवलं. ते एकच सांगत राहिले, "बटन बसवलं की मी विसरतो, साहेब." या वेळी कुणी हसलं नाही.

पंधरा दिवसांनी जीप सापडली. रोहिणखेडच्या अलीकडे, पेट्रोल संपल्यावर सोडून दिलेली. चोर सापडला नाही. मला वाटलं, सुटले. पण मामंजी म्हणाले, "चोर परका होता, म्हणजे त्याला आतलं सांगणारा इथलाच." जीप परत आली आणि मिस्त्रींचं नाव कायमचं गेलं. ज्याच्या हाती गाडीचं गुपित द्यायचं त्याच्याबद्दल एवढी शंका पुरते. शेठच्या पुतण्यानंसुद्धा, हो, त्याच पुतण्यानं, चिखलीहून दुसरा माणूस आणून बटणाची जागा बदलून घेतली. शेडसमोर गाडी उभी दिसेनाशी झाली.

मग एक दिवस सकाळी मिस्त्री आमच्या अंगणात आले. मामंजींना म्हणाले, "पाटील, माह्या हातचं बटन तुमच्या गाडीत नको. काढून नेतो, वायर जशीच्या तशी जोडून देतो."

मामंजी ओसरीवरून उठले नाहीत. मिस्त्रींनी हात पुसले. सवयीनं सगळेजण वळायला लागले, तर ते म्हणाले, "राहू द्या. पाहा सारे." आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते बटण काढलं. केवढंसं होतं, बोराएवढं.

मी पाण्याचा गडू घेऊन गेले. ते पाणी प्याले. गडू परत देताना हळूच म्हणाले, "वहिनी, काही सांगाचं हाय का?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता, हा विचार मी साठ वर्षं करते आहे. मी म्हटलं, "आणखी पाणी देऊ का?"

"नाही," ते म्हणाले. "भागली तहान."

त्या महिन्यातच त्यांनी शेड मोडलं आणि सातपुड्याच्या पायथ्याला, सोनाळ्याला, बायकोच्या माहेरी गेले. तिथं म्हणे विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. मोटारीला हात लावत नव्हते.

मी सांगितलं. नाही असं नाही. पण केव्हा, तर चार वर्षांनी, मामंजी गेल्यावर, ओरडणारं कुणी उरलं नाही तेव्हा. अशी माझी शूरता. आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच जीप काढली आणि मला म्हणाले, "बस."

सोनाळ्यात घर सापडलं. पुढच्या खोलीत दोन इंजिनं उघडीच पडलेली, आतली चाकं धुळीनं भरलेली. ती बघितली आणि हे दारातच थांबले. मिस्त्री पोळ्याच्या आधी तापानं गेले होते. आठ दिवसांचा ताप.

मिस्त्रींच्या बायकोनं मला आत नेऊन चुलीपाशी बसवलं. मी रडत रडत सगळं सांगितलं, उखाण्यासकट. ती चहाला आधण ठेवत होती. तिनं मला थांबवलं नाही, समजावलंही नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "मी होती ना तिथं. देशमुखाईकडे. दाराजोळ बसली होती मी."

मी रडायची थांबले.

"घरी जाऊन मीच त्यायले म्हणून दाखवला तुमचा उखाना. लय हासले. मंग म्हणे, जागा बदला लागते आता. म्हटलं, जा ना मंग उद्याच. त म्हणे, पाटील इचारन ना, काऊन बदलतू म्हणून. पोरीची फजिती होईन. गाडी काही कामानं शेडवर आली की गुपचूप बदलून टाकतो." तिनं लाकूड आत सारलं. "गाडी आलीच नाही."

"पण मग फौजदारांना का नाही सांगितलं? मला का नाही विचारलं सगळ्यांसमोर?" मी विचारलं. जणू त्यांचीच चूक होती!

"मी भांडली ना! रोज भांडली. त म्हणे, पोरगी नवी हाय, तिले त्याच घरात जलमभर राहाचं हाय. आपलं काय, आपण उठून दुसऱ्या गावाले जाऊ."

तिनं कपबशी माझ्यासमोर ठेवली. मी ती उचलली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, मायाही नव्हती. मग ती म्हणाली,

"त्यायनं तुमाले कवाचं माफ केलं, बाई. मी नाही केलं. च्या घ्या, थंडा होऊन राह्यला."