नंदाताईची तयारी

आज सकाळी नंदाताई आरशासमोर उभी राहून स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा म्हणत होती. पन्नाशीला आलेल्या माझ्या या बहिणीला लहानपणापासून सगळं उशिरा कळतं, असं आम्ही घरात म्हणत आलो. आई गेल्यापासून ती नीट जेवत नाही, झोपत नाही. "तिला कुठे काय कळतंय!" असं नातेवाईक म्हणतात. दुपारी तिला पहिल्यांदाच मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं.

"सुई टोचणार नाहीत गं. काय होतंय, एवढंच विचारतील," मी समजावलं.

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "आई हाक मारत नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दुःख व्हायला अशी किती समज लागते? आम्ही बाकीचे चार दिवस रडून कामाला लागलो. ही मात्र इतके महिने त्या हाकेची वाट बघत होती.

"हेच सांग त्यांना."

"मग ते आईला आणतील?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही गं ताई. आई आता येणार नाही."

तिने बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडवली. मग कंगवा माझ्या हातात देत म्हणाली, "तरी जाऊ. वेणी घाल."