दुसरा मजला, डावीकडचं दार

टाचणीवहिनींना हे नाव पडलं ते त्यांच्या कॉलरमुळे. कपडे आखूड-लांब करून देणाऱ्या एका दुकानात त्या नऊ वर्षं शिवणकाम करतात, आणि अंगात काहीही असो, कॉलरला डाव्या बाजूला सहा-सात टाचण्या कायम खोचलेल्या. नवऱ्याचे मित्र मात्र म्हणतात, कॉलर हे सांगायचं कारण झालं, खरं कारण वहिनींच्या जिभेला विचारा.

त्यांचा स्वभावच तसा. शेजारीण हसली तर हिला काहीतरी हवं असणार, आणि नाही हसली तर हिला काहीतरी कळलं असणार. पण वहिनींना नुसतं संशयी म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. जुन्या घरी वरच्या मजल्यावर एक रंगारीदादा राहायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी त्याच जिन्यावर खोली बदलली, नियमाप्रमाणे परदेशातून आलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीला नवा पत्ता कळवला, आणि आठवड्याच्या आत सकाळी दोन माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. रंगाचे डबे जिन्यात तसेच राहिले. पांढऱ्या डब्यात ब्रश उभा होता, तो पुढे कडक वाळून गेला. वहिनी रोज जाता-येता तो ब्रश बघत होत्या.

आणि आता त्यांनी स्वतःच घर बदललं होतं. दहा दिवसांच्या आत पत्ता कळवायचा, असा नियम. आज सातवा दिवस.

"अहो, म्हणजे आपण होऊन जायचं आणि सांगायचं, आम्ही इथे सापडू?"

नवरा पावाच्या कारखान्यात कामाला. पावासारखाच मऊ. तो म्हणाला, "सापडू काय! चोर आहोत का आपण? कागद आहेत ना सगळे?"

"रंगारीदादांकडे नव्हते होय?"

"ते आपल्याला काय ठाऊक?"

"तेच म्हणते मी. आपल्याला काहीच ठाऊक नाही."

यावर नवऱ्याने एकच गोष्ट काढली, आणि तीच नेमकी दुखरी होती. वहिनींच्या राहण्याच्या कार्डाची मुदत संपत आली होती. नवीन कार्डासाठी कचेरीत बोलावणं येतं ते पत्रानेच, आणि पत्र येतं कळवलेल्या पत्त्यावर. कार्डाशिवाय देशाबाहेर जाता येतं, पण परत आत येता येत नाही. तिकडे मायदेशी वहिनींची आई. सहा वर्षांत भेट नाही. आधी फोन उचलला की "बोल गं" म्हणायची. हल्ली "कोण?" म्हणते, आणि वहिनींनी सांगितल्यावर थोडं थांबून पुन्हा "कोण?" म्हणते.

नवव्या दिवशी वहिनींनी लेकीला फोन घेऊन समोर बसवलं. लेक चौदा वर्षांची, इथल्या भाषेत तरबेज, घरातले सगळे फॉर्म तीच भरते.

"आई, मजला?"

"मजला पण विचारतात? शिडी आणणार आहेत का?"

"सांग ना."

"दुसरा."

"दार कुठलं? डावीकडचं का उजवीकडचं?"

"उजवीकडचं लिही."

"आई! उजवीकडे ते सायकलवाले राहतात. खोटं लिहिलं तर गुन्हा आहे, खाली छापलंय."

"आणि खरं लिहिलं तर?"

लेकीने खालपर्यंत वाचलं. "त्याबद्दल काही छापलेलं नाही."

शेवटी डावीकडचं लिहिलं. बटण दाबलं. पोच आली. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि वहिनींनी नेमका तिथूनच धरला.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीला जाड पडदा. दारावर टकटक झाली की घरात सगळे पुतळे. तिसऱ्या दिवशी कामावरून येताना वहिनींनी पाहिलं, की खाली जिन्यापाशी, जिथे सगळ्या बिऱ्हाडांच्या पत्रपेट्या ओळीने लावल्यात, तिथे करड्या जाकिटातला एक माणूस उभा आहे. एकेका पेटीवरचं नाव वाचतो आणि छोट्या वहीत काहीतरी टिपतो. वहिनी त्याच्या बाजूने, जणू आपण या घरातल्याच नाही अशा चेहऱ्याने, सरळ तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून गेल्या. तो गेल्यावर खाली आल्या. पिशवीतून शिवण उसवायचं बारीक हत्यार काढलं, आणि आपल्या पेटीवरची नावाची चिकटपट्टी कोपऱ्यातून उचलून सोलून काढली. टाका न दिसता उसवणं हे त्यांचं रोजचंच काम. पेटीवर डागसुद्धा राहिला नाही.

"अगं, हे काय केलंस?" नवऱ्याने विचारलं.

"पत्ता कचेरीला द्यायचा होता, दिला. जिन्याला द्यायचा नियम नाही."

मग वाट बघणं सुरू झालं. एक आठवडा, तीन आठवडे, पाच. पत्र काही येईना. वहिनी संशयाचा धागा ओवून बसल्याच होत्या. तळमजल्यावरची चष्म्यातली म्हातारी पहिली. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसते, पत्र तिनेच काढलं असणार. मग दुकानाची मालकीणबाई. तिने मध्येच सहज विचारलं होतं, "नवीन घर कुठे म्हणालीस?" सहज कोण विचारतं? शेवटी नवरासुद्धा.

"कारखान्यात कुणाला सांगितलंत?"

"काय सांगितलं?"

"बघा. लगेच काय म्हणून विचारताय."

नवरा बिचारा बूट घालून बाहेर पडला.

असा सहावा आठवडा लागला. दुकानात एक पोस्टवाली आली. नवा गणवेश मिळाला होता आणि विजार लांब होती. मालकीणबाईने तिला आरशासमोरच्या पाटावर उभं केलं. वहिनी गुडघे टेकून खाली बसल्या, ओठात चार टाचण्या धरल्या आणि कापड दुमडायला घेतलं. गणवेश बघून मान वर केली नव्हती, पण हात आपलं काम करत होते.

पोस्टवाली मालकीणबाईशी बोलत होती. "त्या कोपऱ्यावरच्या घराने वीट आणलाय मला. दुसऱ्या मजल्याच्या नावाने सरकारी पाकीट येतं आणि पेटीवर नाव नाही. नाव नसेल तर टाकायचं नाही, असा आमचा नियम. एकदा परत पाठवलं, पुन्हा आलं. आज परत चाललंय."

"दार वाजवायचं की."

"वाजवलं ना! पडदा हलतो, दार उघडत नाही. तळमजल्याच्या आजी म्हणाल्या, माणसं आहेत, पण नाव मला ठाऊक नाही, मला बघितलं की ती बाई तोंड फिरवते."

वहिनींच्या ओठात टाचण्या होत्या म्हणून, नाहीतर किंचाळल्याच असत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा काखेतून आपणच ढकलून दिला होता.

पण पुढच्याच क्षणाला मन उलटलं. ही नेमकी याच दुकानात कशी आली? नेमकी माझ्यासमोर हीच गोष्ट कशी काढली? ही पोस्टवालीच आहे कशावरून? गणवेश तर कुणालाही घालता येतो. गप्प बसावं. टाचण्या टोचाव्यात, माप लिहावं आणि गप्प बसावं.

वहिनींनी विजारीचा काठ उलटा करून पाहिला. टाचेखाली तुडवून तुडवून तो झिजला होता, दोरे सुटले होते, वाळलेला चिखल शिवणीत बसला होता. आठवडाभर तरी ही बाई हा काठ पायाखाली घेत जिने चढली-उतरली होती. सापळा लावणारी माणसं एवढे जिने चढत नाहीत.

वहिनींनी ओठातल्या टाचण्या एकेक काढून कॉलरला खोचल्या. घाईने नाही. चौथी खोचून झाल्यावर म्हणाल्या, "दुसरा मजला, डावीकडचं दार. ते पाकीट माझं आहे."

मालकीणबाईचा आ तसाच राहिला. पोस्टवालीने खाली पाहिलं. "पडद्यामागे तुम्ही?"

"मीच."

"मला बघून लपता?"

"तुम्हाला बघून नाही हो. गणवेशाला बघून."

"मग हा नीट आखूड करून द्या," पोस्टवाली म्हणाली. "आणि आधी कार्ड दाखवा. मीही अशी कुणाच्या सांगण्यावर पाकीट देत नसते."

हे उत्तर ऐकून वहिनींना पहिल्यांदा त्या बाईबद्दल थोडा विश्वास वाटला.

पाकिटात बोलावणं होतं. पहिली तारीख उलटून गेली होती, ही दुसरी आणि शेवटची. परवाची.

कचेरीत काचेमागच्या साहेबाने संगणकाच्या पडद्यावर बघत विचारलं, "पत्र परत आलं होतं. तुम्ही त्या पत्त्यावर राहता ना?"

"राहते."

"मग पेटीवर नाव का नव्हतं?"

नवऱ्याने हळूच पायावर पाय दिला. सगळं ठरलं होतं, पट्टी पडून गेली असं सांगायचं. पण वहिनींना वाटलं, विचारतोय म्हणजे याला ठाऊक असणार.

"सोललं होतं."

"कुणी?"

"मी."

साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिला. एवढं काय लिहीत होता, ते वहिनींना आजतागायत कळलेलं नाही. शेवटी कार्ड सरकवलं. एक वर्षाचं.

"मागचं दोनचं होतं. हे एकच का?"

नवऱ्याने दंडाला धरून जवळजवळ ओढतच बाहेर आणलं.

त्या संध्याकाळी फोन लावला. पलीकडून आलं, "कोण?"

"मी गं आई. येतेय."

"कोण?"

"आल्यावर बघ," वहिनी म्हणाल्या आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून बाही लावली.

मग शाळेच्या गणवेशावर शिवतात तसल्या सुती पट्टीवर त्यांनी आपलं नाव भरलं, आणि पत्रपेटीच्या दाराला जाळी होती तिच्यातून मेणाच्या दोऱ्याने ती पट्टी शिवून टाकली. गाठी आतल्या बाजूला. आता उसवायचं म्हटलं तर खुद्द त्यांनाच अर्धा तास लागला असता.

शेवटची गाठ मारून उठतात तर मागे करडं जाकीट. तोच माणूस, तीच वही.

वहिनी या वेळी तिसऱ्या मजल्यावर गेल्या नाहीत. "काय लिहिता हो?"

माणूस दचकला. "मी... जाहिराती वाटतो. नाव असलेल्या पेट्या किती, ते मोजतो. तेवढे कागद आणायला."

वहिनींचा एका अक्षरावर विश्वास बसला नाही. त्यांनी पिशवीतून मापांची वही काढली आणि केसात खोचलेली पेन्सिल काढली.

"नाव?"

त्याने नाव सांगितलं.

"राहता कुठे?"

माणसाने दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, मग वहिनींच्या कॉलरकडे पाहिलं. वही छातीशी धरून तो एक पाऊल मागे सरला. "कशाला हवंय तुम्हाला?"

वहिनींनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं.

"मजला?"