तुकाबाईची जीभ

पिंपरी पेंढारच्या तुकाबाईकडे घोंगड्या धुवायला यायच्या. धनगराघरची बाई. ओढ्याकाठी तिचं एकच रिठ्याचं झाड, पण त्याची फळं वर्षभर पुरवायची. बिया काढून सालं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळायची आणि पाणी कोमट झालं की त्यात घोंगडी पायानं हळूहळू तुडवायची. धोपटणं घेऊन बडवणाऱ्या बायकांना म्हणायची, "लोकर हाय ती, नवरा न्हाई."

खळबळून झालं की शेवटचं पाणी बोटानं जिभेवर ठेवायची. रिठा कडू. कडू लागलं की आणखी एक पाणी. जिभेनं होकार दिल्याशिवाय तिनं कधी घोंगडी वाळत घातली नाही. जागरणात देव ज्या घोंगडीवर मांडायचा, ती तर आसपासचे लोक तिच्याशिवाय कुणाच्या हाती देत नसत. तिचं नाव होतं ते एवढंच.

मी शेजारच्या आळे गावचा. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं मोर्चात शिकलो. धुण्याच्या पावडरीनं ओढ्याला फेस यायला लागला, म्हशी पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा मी रान उठवलं होतं. पावडर सोडा, रिठा धरा, अशी पत्रकं वाटली. त्या जोरावर नव्याण्णव साली आळेफाट्याच्या महिला मेळाव्यात तुकाबाईला उभी केली. धुऊन दाखवायला तिनं भावकीतल्या झुंबरबाईची घोंगडी मागून आणली. झुंबरबाईच्या सासऱ्याच्या वेळची. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जागरण होतं.

रिठ्याचा फेस येतो नि लगेच मान टाकतो. पुढं बसलेल्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "ह्याच्यापरीस आमचं थुकीचं पाणी बरं." माझं डोकं फिरलं. तंबूमागं गेलो, चहावाल्याकडून कढत पाणी घेतलं, त्यात मूठभर सोडा आणि पावडर कालवली आणि तुकाबाई खाली उतरून पाठमोरी झालेली बघून तिच्या घमेल्यात ओतली. ज्या पावडरीविरुद्ध बोंबलत होतो, तीच.

ती परत तुडवायला लागली तसा फेस गुडघ्यापर्यंत आला. टाळ्या पडल्या. तुकाबाईनं पायाखाली बघितलं, मग माझ्याकडं. खळबळून पाणी जिभेवर ठेवलं आणि लगेच थुंकली.

"भाऊ, हे माझं पाणी न्हाई."

"गप बस. लोक बघतायत. तुला काय कळतं?" मी म्हणालो. माझ्या आईच्या वयाची बाई ती.

तिनं आणखी सहा वेळा पाणी बदललं. उपयोग नव्हता. वाळली तेव्हा घोंगडी हातभर आखडली होती, पुठ्ठ्यासारखी ताठ. तिसऱ्या दिवशी ती परत द्यायला गेली, मीही सोबत होतो. झुंबरबाईनं अंगणातच उलगडली.

"तुकाबाई, आता ह्याच्यावर देव बसवू का कोंबडी?"

तुकाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्याकडं बघत राहिलो. त्याच आठवड्यात पंचायतीवर मोर्चा न्यायचा होता. पावडर मी टाकली म्हटलं असतं तर मोर्चात कुत्रंही आलं नसतं. निदान मनाला तसं पटवलं.

"वय झालं, बाय," तुकाबाई म्हणाली. "जिभंची चव गेली."

मोर्चा झाला. लई गाजला. तुकाबाईकडं मात्र घोंगडी यायची बंद झाली. झाडाखाली रिठे पडून काळे पडायचे.

दोन हजार चार साली मी वडिलांची घोंगडी घेऊन तिच्याकडं गेलो. काही बोलायचं म्हणून, धुणं हे निमित्त. तिनं घोंगडी हातात घेतली, लोकर चिमटीत धरून बघितली आणि परत दिली.

"माझी चव गेलीय, भाऊ. गावाला ठावं हाय."

"मी सांगतो गावाला," मी म्हणालो. "ग्रामसभेत सांगतो."

"मग सांगा की. मी कुठं धरलंय?"

पिंपरीच्या ग्रामसभेला गेलो. रस्त्यावर बोललो, पाण्यावर बोललो, सरपंचाशी भांडलो. तेवढं सोडून सगळं बोललो. पुढच्याला नक्की, असं म्हणत तीन वर्षं गेली आणि तुकाबाई गेली. तिच्या दहाव्याला झुंबरबाई म्हणाली, "हात चांगला व्हता, शेवटी चव गेली बिचारीची." तेव्हाही मी मान डोलावली.

म्हणून आता लिहून देतो, झुंबरबाईला कुणीतरी वाचून दाखवा. घमेल्यात सोडा नि पावडर मी टाकली होती. तुकाबाईची जीभ शेवटपर्यंत बरोबर होती.